संत्र्याच्या वाडीत संत्रं बंद : शुगरच्या एका रुग्णाच्या सकाळचा अभ्यास

दिवाळी होऊन आठ-दहा दिवस झाले होते. वरूड तालुक्यात संत्र्याच्या अंबिया बहाराचा तोडा, म्हणजे काढणी, जोरात होता, रस्त्याच्या कडेला क्रेटांच्या थप्प्या लागल्या होत्या. तपासणीला आलेल्या काकूंनी घरच्या बागेतली डझनभर संत्री माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, "ताई, हे तुमच्यासाठी आनले. मी त आठ महिने झाले, फोड तोंडात नाई टाकली. तरी शुगर काहून वाढून राह्यली?"

हातातल्या रिपोर्टवर एचबीएवनसी ८.२ होता. फळं सोडण्याआधी, मार्चमध्ये, तो ७.६ होता. ही तपासणी मागच्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेचा सरासरी हिशेब सांगते. ५.७ च्या खाली असेल तर ठीक, ६.५ पासून पुढे मधुमेह. म्हणजे त्यांनी मन मारून जे पथ्य पाळलं, त्या काळात साखर उतरण्याऐवजी चढली होती. त्यांचा प्रश्न रास्त होता आणि त्याचं उत्तर मला त्या टेबलावर बसून देता येत नव्हतं. मी त्यांच्या घरी जायचं ठरवलं. पुढचं सगळं त्यांच्या आणि घरच्यांच्या परवानगीने लिहिते आहे, नाव आणि गाव गाळून.

काकूंचं वय ४९. दोन वर्षांपूर्वी शुगर निघाली. सकाळ-संध्याकाळ मेटफॉर्मिनची ५०० मिलिग्रॅमची एकेक गोळी, दुसरं औषध नाही. वजन ६४ किलो, उंची १५२ सेंटिमीटर. किडनीचे रिपोर्ट चांगले, डोळ्यांची तपासणी झालेली नाही. घरात सहा माणसं : काकू, काका, म्हातारी सासू, मुलगा, सून आणि सात वर्षांचा नातू. चार एकर संत्रा, दोन एकरांत कपाशी आणि तूर. पूर्वी एक तुकडा जवारीचा असायचा. रानडुकरं आणि पाखरं काही हाती लागू देईनात म्हणून तो बंद झाला, आणि त्याबरोबर घरातली रोजची भाकरही गेली. आता रोज गव्हाची पोळी, भाकर कधीमधी. या बदलाकडे मी पुन्हा येणार आहे, कारण सकाळच्या ताटाचा प्रश्न तिथूनच सुरू होतो.

फळं बंद करण्याचा सल्ला दोन ठिकाणांहून आला होता. एका दवाखान्यात चिठ्ठीवर लिहून मिळालं होतं, "गोड, भात, आलू, फळं बंद". कोणतं फळ, किती, कशासोबत, यातलं काही नाही. मग मुलाच्या मोबाईलवर एक व्हिडिओ आला. फळातली साखर म्हणजे फ्रुक्टोज, ती थेट लिव्हरवर जाते, तिथे चरबी होते, म्हणून फळ हे गोड विषच, असं त्यात ठासून सांगितलं होतं. काकूंनी दुसऱ्या दिवसापासून संत्रं, पेरू, बोरं, सीताफळ, पपई सगळं सोडलं. संत्र्याच्या वाडीत राहणाऱ्या, लहानपणापासून तोड्याच्या दिवसांत झाडाखाली बसून संत्री खाल्लेल्या बाईने. मला याचं फार वाईट वाटलं, आणि ते इथे लपवत नाही.

सकाळ कशी जाते

मी सव्वासहाला पोचले. सून नातवाचा डबा करत होती, पाच कपांचा चहा गंजात, म्हणजे पातेल्यात, उकळत होता. तोड्याच्या दिवसांत मजुरांचाही चहा असतो, तो वेगळा. मी सुनेला म्हटलं, साखर रोज टाकतेस तशीच घे, फक्त गंजात टाकण्याआधी माझ्या काट्यावर ठेव. अर्धी वाटी साखर भरली ६५ ग्रॅम. कपामागे १३ ग्रॅम.

काकू सहाला एक चहा घेतात, साडेसातला दुसरा, चारला तिसरा. दुसऱ्या चहासोबत दोन टोस्ट आणि चार-पाच ग्लुकोज बिस्किटं. साडेआठला बागेत. जेवण साडेअकरा-बाराला. आठवड्यातून दोनदा सून पोहे करते, तेव्हा भरलेली बशी पोहे आणि चहा. गुरुवारी गजानन महाराजांचा उपवास, त्या दिवशी सकाळी साबुदाण्याची उसळ आणि हंगाम असेल तर मोठा ग्लास संत्र्याचा रस.

रस ऐकून मी थांबले. फळ बंद होतं ना?

"रस म्हंजे फळ थोडीच हाये, ताई. पानीच त हाये थे. उपासाले जोर येते."

काकांनी दुजोरा दिला, "घरचा रस हाये. त्यात काय साखर टाकतो काय आपन?"

या घरातल्या सहा माणसांना महिन्याला सात किलो साखर लागते. किराण्याच्या वहीत तसं लिहिलेलं होतं, मजुरांच्या चहाची सोडून. सात हजार ग्रॅम भागिले तीस दिवस, भागिले सहा माणसं, म्हणजे दिवसाला माणशी जवळजवळ ३९ ग्रॅम. काट्यावरचा हिशेबही तोच निघतो : तीन कप, कपामागे १३ ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये जी मार्गदर्शक सूचना काढली, तिच्यात वरून घातलेली साखर दिवसाच्या ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत आणि जमल्यास ५ टक्क्यांच्या आत ठेवायला सांगितलं आहे. दोन हजार कॅलरीच्या आहारात ५ टक्के म्हणजे २५ ग्रॅम. काकूंचे सकाळचे दोन चहाच २६ ग्रॅमचे होते. वर बिस्किटं, ज्यांच्या वजनाचा साधारण पाव भाग साखर असते आणि उरलेला बहुतेक मैदा.

त्याच सूचनेत एक गोष्ट आहे जी त्या व्हिडिओवाल्याने सांगितली नाही. टाळायच्या साखरेत चहातली साखर, गूळ, मध आणि फळांचा रससुद्धा धरला आहे. अख्खं ताजं फळ धरलेलं नाही. काकूंनी बरोबर उलटं केलं होतं. जे मोजायचंच नव्हतं ते बंद केलं आणि जे मोजायचं होतं ते पाणी म्हणून पोटात गेलं. दोष त्यांचा नाही. त्यांना सांगितलंच तसं गेलं होतं.

अकरा वाजता हात कापायचे, घाबरल्यासारखं व्हायचं, ही त्यांची दुसरी तक्रार. "शुगर लो झाली" असं समजून त्या पदरात बांधून नेलेली बिस्किटं खायच्या. त्या दिवशी अकरा वाजून दहा मिनिटांनी, हात कापत असताना, मी बागेत त्यांच्या बोटाला सुई टोचली. मशीनवर आकडा आला १०४. लो नव्हती. सकाळी चहा-टोस्टवर साखर झपकन चढली होती, मग तितक्याच झपाट्याने खाली येत होती. नेहमी वरच्या आकड्यांची सवय झालेल्या शरीराला हे उतरणंही लो झाल्यासारखं वाटतं. पोटात साडेसातपासून प्रथिनं म्हणावीत असं काही गेलेलंच नव्हतं.

फळातल्या साखरेचं काय

त्या व्हिडिओतली सगळीच गोष्ट खोटी नाही, म्हणून ती नीट सोडवून सांगावी लागते. फ्रुक्टोज बहुतेक करून यकृतात वापरलं जातं हे खरं. गरजेपेक्षा फार जास्त गेलं तर यकृत त्याची चरबी करतं हेही खरं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात लोकांना दहा आठवडे फ्रुक्टोजची गोड पेयं दिली होती. त्यांच्या पोटातली चरबी वाढली. पण मात्रा बघा : दिवसाच्या एकूण ऊर्जेचा २५ टक्के भाग एकट्या फ्रुक्टोजचा. दोन हजार कॅलरीच्या हिशेबाने ते होतं १२५ ग्रॅम.

आता काकूंच्या बागेतलं संत्रं घेऊ. मी वजन केलेलं एक फळ सालीसकट १४० ग्रॅम होतं, सोलून १०५. अशा संत्र्यात सगळी मिळून दहा ग्रॅमच्या आसपास साखर असते. त्यातली निम्म्याहून जास्त ही आपली नेहमीचीच साखर, म्हणजे सुक्रोज, आणि बाकीचं सुटं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज. सुक्रोज पोटात फुटलं की अर्धं ग्लुकोज आणि अर्धं फ्रुक्टोज होतं. सगळं जुळवलं तर एका संत्र्यातून सुमारे पाच ग्रॅम फ्रुक्टोज मिळतं. १२५ ग्रॅम व्हायला काकूंना रोज वीस-पंचवीस संत्री खावी लागतील.

आणि चहातली साखर? तीही निम्मी फ्रुक्टोजच. कपात १३ ग्रॅम साखर म्हणजे साडेसहा ग्रॅम फ्रुक्टोज, एका संत्र्यापेक्षा जास्त. हे मी सांगितलं तेव्हा मुलगा उठून आत गेला आणि साखरेचा डबा घेऊन आला. "म्हंजे ज्याले भेऊन संत्रा सोडला, थेच या डब्यात हाये?" हो, तेच. या सगळ्या प्रकरणात मला हा क्षण महत्त्वाचा वाटतो. त्याने व्हिडिओ आईला दाखवला होता आणि ते त्याच्या मनाला लागलं होतं.

मग संत्र्यात आणि त्या डब्यात फरक काय? संत्र्यातली साखर पेशींच्या पिशव्यांत बांधलेली असते, सोबत पाणी आणि धागा, म्हणजे फायबर, असतो. ते चावावं लागतं, वेळ लागतो, पोट भरतं. रस काढला की हे बांधलेपण मोडतं आणि चोथा फेकला जातो. १९७७ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात सफरचंदाचा एक साधा प्रयोग छापून आला होता. निरोगी माणसांना तेवढीच साखर अख्ख्या सफरचंदातून, गरातून आणि रसातून दिली. रस अख्ख्या फळाच्या अकरापट वेगाने संपला आणि पोट सगळ्यात कमी भरलं. रसानंतर रक्तातली साखर उपाशीपोटीच्या आकड्याच्याही खाली गेली. हे मी वाचलं होतं फार पूर्वी, पण बागेत उभ्या काकूंचे कापणारे हात पाहताना आठवलं.

मधुमेह असलेल्यांवरचाही पुरावा आहे. डेन्मार्कमध्ये ६३ रुग्णांचे दोन गट केले होते. एकाला सांगितलं, दिवसाला फार तर दोन फळं खा. दुसऱ्याला सांगितलं, कमीत कमी दोन खा. बारा आठवड्यांनंतर एचबीएवनसीमध्ये दोन्ही गटांत फरक पडला नाही. चीनमध्ये जवळजवळ पाच लाख लोकांची कित्येक वर्षं नोंद ठेवली, त्यात रोज ताजं फळ खाणाऱ्यांना मधुमेह कमी झाला आणि आधीच मधुमेह असलेल्यांतही फळ खाणाऱ्यांत मृत्यू कमी दिसले. फळ खाणारे लोक इतर बाबतींतही काळजी घेणारे असू शकतात, त्यामुळे सगळं श्रेय फळाला देता येत नाही. पण फळ विष असतं तर आकडे असे आले नसते. आपल्या हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत दिवसाच्या ताटात १०० ग्रॅम फळ धरलं आहे. म्हणजे काकूंच्या झाडावरचं एक संत्रं.

घरच्या मशीनवर काय दिसलं

पुराव्यापेक्षा स्वतःच्या बोटातला थेंब जास्त बोलतो. मुलाने वरूडहून पट्ट्यांची डबी आणली. दोन आठवड्यांत पाच सकाळी ठरवल्या, दरवेळी उपाशीपोटी एक आणि खायला लागल्यापासून बरोबर एका तासाने एक. तास अशासाठी की रसाचा चढ लवकर येतो आणि लवकर उतरतो. दोन तासांनी मोजलं तर तो हातातून निसटतो.

नेहमीचा चहा, दोन टोस्ट, पाच बिस्किटं : १३९ वरून २३२. एक ग्लास रस, ज्याला पाच संत्री लागली : १३६ वरून २१८. नुसती दोन अख्खी संत्री, चावून, चोथ्यासकट : १४० वरून १८१. चौथ्या सकाळी जवारीची उकडपेंडी (फोडणीवर भाजून वाफवलेलं पीठ) आणि अर्धी वाटी मोटाची, म्हणजे मटकीची, उसळ : १४२ वरून १८९. पाचव्या सकाळी तेच, वर एक संत्रं : १३७ वरून १८६.

शेवटचे दोन आकडे काकूंनी तीनदा विचारून घेतले. संत्रं घेऊनही आकडा वाढला नव्हता.

मी त्यांना लगेच आवरलं. घरच्या मशीनचा आकडा १५ टक्क्यांनी इकडे-तिकडे असू शकतो, त्यामुळे १८९ आणि १८६ हे माझ्या लेखी एकच. एका सकाळच्या एका थेंबावरून कायदा करायचा नसतो. झोप नीट झाली नाही, आदल्या रात्री जड जेवण झालं, तरी आकडा हलतो. पण २३२ आणि १८६ यांतलं अंतर मशीनच्या चुकीपेक्षा मोठं आहे. आणखी एक गोष्ट त्या व्हिडिओवाल्याच्या बाजूने सांगायला हवी : हे मशीन फक्त ग्लुकोज मोजतं, फ्रुक्टोज त्याला दिसत नाही. म्हणून संत्र्यानंतरचा आकडा कमी आला एवढ्यावरून फ्रुक्टोज निर्दोष ठरत नाही. ते ठरतं मात्रेच्या हिशेबावरून, जो वर मांडला.

पंधरा मिनिटांचा नाश्ता

आता अवघड भाग. काय खाऊ नये हे सांगणं सोपं असतं. सकाळी सहा ते आठ या दोन तासांत एकच बाई डबा, चहा, पाणी, नातवाची आंघोळ, मजुरांची तयारी हे सगळं करत असते, आणि आहाराचा प्रत्येक नवा सल्ला तिच्याच डोक्यावर पडतो. सून मला स्वच्छ म्हणाली, "मॅडम, आईसाठी करीन मी. पन दोन वेगळे नाश्ते माह्याच्यानं होनार नाई." तिचं म्हणणं मी पहिली अट म्हणून लिहून घेतलं. जो नाश्ता सगळं घर खाणार नाही तो टिकणार नाही.

पहिला आठवडा फसला. मुलाने ओट्सचा पुडा आणला होता. आजींनी एक चमचा तोंडात घेऊन वाटी बाजूला ठेवली, नातवाने खळ म्हटलं. मी मोड आलेले कच्चे मूग सुचवले होते, ते खाऊन काकूंचं पोट फुगलं. ती माझी चूक. ज्या पोटाला आठ महिने धाग्याची सवय राहिली नव्हती, त्याला एकदम कच्चं कडधान्य द्यायला नको होतं.

उकडपेंडी काकूंनीच काढली. त्यांच्या माहेरी, अमरावतीकडे, पावसाळ्याच्या सकाळी व्हायची. जवारीचं पीठ तेलात मोहरी, कांदा, हिरवी मिरची, हळद यांच्या फोडणीवर खमंग भाजायचं, आंबट ताकाचा हबका मारत सराट्याने हलवायचं, झाकण ठेवून एक वाफ, वरून सांभार, म्हणजे कोथिंबीर. मी घड्याळ लावून बघितलं, पहिल्या दिवशी २२ मिनिटं लागली, त्यातला जास्त वेळ पीठ भाजण्यात. तिसऱ्या दिवशी सुनेने युक्ती काढली. रविवारी दुपारी आठवड्याचं पीठ कोरडं भाजून डब्यात भरून ठेवलं, चार वाट्या जवारीला एक वाटी बेसन मिसळून. मग सकाळी नऊ मिनिटांत काम. मोट किंवा बरबटी (चवळी) रात्री भिजवायची आणि सकाळच्या वरणाच्या कुकरमध्येच वरच्या डब्यात शिजवायची, त्याला वेगळा गॅस नाही. चार वाट्या भाजलेल्या पिठाची युक्ती माझ्या कुठल्याच पुस्तकात नव्हती. आता मी ती प्रत्येक घरात सांगते.

तोड्याच्या घाईच्या दिवसांत तेवढाही वेळ नसतो. त्या दिवसांसाठी रात्रीची भाकर, वाटीभर दही, जवसाची चटणी आणि मूठभर फल्लीचे दाणे, म्हणजे शेंगदाणे. काहीच शिजवायचं नाही. मूठभर दाण्यांत सात-आठ ग्रॅम प्रथिनं असतात, जवळजवळ सव्वा अंड्याइतकी. काकू अंडं खात नाहीत, मुलगा खातो, त्याला दोन उकडून. जवारी विकत आणावी लागते हे काकांना सुरुवातीला जड गेलं. शेतकऱ्याच्या घरात जवारी विकत, ही बोच मला समजते. पुढच्या रब्बीत विहिरीजवळच्या कोपऱ्यात, कुंपण घालून, घरापुरती पेरू असं ते म्हणाले आहेत.

जवारीबद्दल एक गैरसमज इथे दूर करते. भाकर खाल्ली की शुगर होत नाही, असं गावोगाव बोललं जातं. जवारीतही स्टार्च भरपूर आहे. तीन भाकरी खाल्ल्या तर साखर चढणारच. फरक पडतो तो ताटातल्या जोडीने : सोबत कडधान्य, ताक-दही, दाणे, चटणी असली की पोट हळू रिकामं होतं.

पोहे मी बंद केले नाहीत. नागपुरी पद्धतीने हरभऱ्याच्या तर्रीसोबत पोहे खायची आपल्याकडची रीत मुळात शहाणपणाची आहे, हरभरा आहे त्यात. प्रमाण तेवढं बदललं. पोहे अर्धी बशी, हरभरे दुप्पट, तर्रीवर तरंगणारं तेल चमच्याने बाजूला, वर निंबू आणि कच्चा कांदा. आठवड्यातून एकदा.

संत्रं नाश्त्यानंतर, सोलून, पांढऱ्या शिरांसकट. रिकाम्या पोटी नाही, रस नाही. दुसरं फळ हवं असेल तर चारच्या चहाच्या जागी एक पेरू. पेरूत धागा संत्र्याच्या दुपटीहून जास्त असतो. सीताफळ आणि चिकू जास्त गोड, म्हणून अर्धंच. केळं असेल तर लहान, आणि दाण्यांसोबत. ज्यांची किडनी बिघडलेली आहे त्यांनी हे जसंच्या तसं करू नये. त्यांना फळांतलं पोटॅशियम सोसत नाही आणि त्यांचं पथ्य डॉक्टरांनीच ठरवायचं असतं. म्हणूनच काकूंचे किडनीचे रिपोर्ट मी आधी पाहिले होते.

चहाची साखर एकदम तोडली नाही. पाच कपांना ६५ ग्रॅमवरून ५० वर, दहा दिवसांनी ३५ वर, मग २० वर. सुरुवातीला आजी कुरकुरल्या, तिसऱ्या उतरणीला कुणाच्या लक्षातही आलं नाही. सकाळची गोळी त्या चहासोबत किंवा नुसत्या पाण्यासोबत घ्यायच्या आणि गुरुवारी टाळायच्या. ती आता नाश्त्यासोबत आणि गुरुवारीही, डॉक्टरांना विचारून.

तीन महिन्यांनी

फेब्रुवारीत, मृग बहाराची संत्री झाडावर असताना, रिपोर्ट आला. एचबीएवनसी ७.२. वजन ६१.५ किलो. अकरा वाजताचं कापणं तिसऱ्या आठवड्यातच थांबलं होतं. शौचाला खडा व्हायचा, तो त्रास गेला. पदराला बिस्किटं बांधायची गरज उरली नाही.

हे संत्र्यामुळे झालं असं मी म्हणणार नाही. चहातली साखर एक-तृतीयांशावर आली, बिस्किटं गेली, गोळी वेळेवर जायला लागली, नाश्त्यात कडधान्य आलं, संध्याकाळी काकू सुनेसोबत देवळापर्यंत चालायला लागल्या. यातल्या कशाने किती उतरली, ते वेगळं काढता येत नाही. एवढंच खात्रीने म्हणता येतं की या तीन महिन्यांत त्यांनी जवळजवळ रोज एक अख्खं संत्रं खाल्लं आणि त्याने उताराच्या आड येण्याचं काम केलं नाही.

काही गोष्टी जमल्या नाहीत. काका रस सोडायला तयार नाहीत. त्यांची स्वतःची उपाशीपोटीची साखर ११८ निघाली आहे आणि मला त्यांची काळजी वाटते. नातू शाळेत जाताना अजून बिस्किटांचा पुडा मागतो. गुरुवारच्या साबुदाण्याऐवजी भगर आणि दाण्याची आमटी दोन गुरुवार झाली, मग शिवरात्रीच्या आठवड्यात साबुदाणा परत आला. डोळ्यांची तपासणी अजून बाकी आहे, त्यासाठी मी तारीख घेऊन दिली आहे.

मी निघताना काकूंनी विचारलं, "ताई, आंब्याचं कसं?" त्यांच्या धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, दोन गावरान झाडं आहेत, त्यांच्या आजेसासऱ्याने लावलेली. नाही म्हणावं असं मला वाटलं नाही. एक लहान आंबा, चोखून, जेवणात एक पोळी कमी करून, आमरस नाही, आणि एका तासाने थेंब, असं ठरलं. जूनच्या तोंडावर आढीतले आंबे पिकतील. मुलाने त्या दिवसासाठी पट्ट्यांची नवी डबी आणायचं कबूल केलं आहे.